परत केलेली वही

नव्या नाटकांचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून बहुधा एकच सूर ऐकू येतो. ‘फादर, जुनी नाटकेच बरी. सगळ्या घराने मिळून बघावीत अशी होती. आताच्या नाटकांत आहे काय?’ असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आताचे एखादे नाटक पाहिलेले असते, ही गोष्ट अलाहिदा. आम्ही स्वतःही पुष्कळ वर्षे ह्याच सुरात सूर मिसळीत आलो. परंतु मराठी रंगभूमीचा इतिहास जरा निवांतपणे वाचल्यावर, आणि आमच्याच हातून घडलेली एक चूक वारंवार बोचू लागल्यावर, ह्या विषयाचा नव्याने विचार करणे आम्हांला भाग पडले. तो विचार वाचकांपुढे ठेवावा एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आरंभ पुण्यातील एका नाटकापासून करू. १८५५ साली जोतीराव फुले ह्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. नाटकाची गोष्ट साधी आहे. एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जोशी येतो. घरातील बाई गरोदर आहे. पोटातल्या बाळाला ग्रहांची पीडा आहे असे भय घालून तो त्या भोळ्या नवराबायकोकडून धर्मकृत्ये आणि ब्राह्मणभोजन करवून घेतो, आणि ती दोघे कर्जात बुडतात. पुढे एक पाद्री त्या शेतकऱ्याशी बोलतो, त्याला विचार करायला लावतो. मध्येमध्ये विदूषक येऊन आपले तिखट बोल ऐकवून जातो. शेवटी ते जोडपे जोतीराव व सावित्रीबाई ह्यांच्या रात्रीच्या शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करते. विद्या हाच माणसाचा तिसरा डोळा, असा ह्या नाटकाचा आशय आहे. नाटकात पाद्री असूनही शेवट चर्चच्या दारात होत नाही, शाळेच्या दारात होतो, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्या नाटकाचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या अहमदनगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. तेथे मिस सिंथिया फॅरार ह्या अविवाहित शिक्षिका १८३९ पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांची शाळा पाहूनच जोतीरावांनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढण्याचे मनावर घेतले. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही फॅरारबाईंच्याच हाताखाली. म्हणजे नाटकाच्या शेवटी ज्या शाळेकडे ते जोडपे निघते, तिची एक वाट नगरवरून जाते.

ह्या नाटकाचे पुढे काय झाले? मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी त्या काळी ‘दक्षिणा प्राइज कमिटी’ होती. जोतीरावांनी आपली वही तिच्याकडे पाठविली. कमिटीने ती नापसंत केली. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. नाटक छापून वाचकांच्या हाती आले ते थेट १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ ह्या नियतकालिकातून. मध्ये एकशे चोवीस वर्षे गेली. एवढ्या काळात शेतकऱ्याच्या घरात चार-पाच पिढ्या होतात. ज्या कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी ते नाटक लिहिले होते तो गेला, त्याचा नातू गेला, नातवाचा नातूही शेतात राबू लागला. आता अभ्यासक त्याला मराठीतील पहिले सामाजिक नाटक म्हणून मान देतात. मान मिळाला हे बरेच झाले. परंतु औषध वेळेवर मिळण्याला जे मोल असते, ते पुढे त्या औषधाचा गौरव करण्याला नसते.

वेळेवर ऐकले तर काय होते, ह्याचेही उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या श्रीमंताशी कोवळ्या मुलीचे लग्न लावून देण्याची चाल तेव्हा समाजात राजरोस चालू होती. ती ज्यांच्या घरांत चालू होती तेच लोक तिकीट काढून नाटकाला बसले. पदांना त्यांनी दाद दिली, आणि घरी जाताना मनात टोचणी घेऊन गेले. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला. नाटक त्याच्या आधी तीस वर्षे बोलून गेले होते. आज ‘शारदा’ आपल्याला जुने, सोज्ज्वळ आणि घरच्या सर्वांनी मिळून पाहण्याजोगे नाटक वाटते. परंतु १८९९ च्या प्रेक्षकाला ते नवे होते आणि बोचणारे होते. आपण ज्यांना ‘जुनी चांगली नाटके’ म्हणतो ती सारी आपापल्या काळात नवी होती, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

पुण्याच्या कमिटीला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ख्रिस्तसभेच्या घरातही हीच चूक घडलेली आहे. फ्रान्समध्ये १६६४ साली मोलिएर ह्या नाटककाराने ‘तार्त्युफ’ हे नाटक केले. धार्मिकपणाचे सोंग घेऊन भल्या माणसाचे घर धुऊन नेणारा ढोंगी हा त्याचा विषय. त्यावर बंदी आली. १६६७ साली पॅरिसच्या आर्चबिशपांनी हे नाटक पाहणाऱ्यावर व वाचणाऱ्यावर बहिष्काराची शिक्षा जाहीर केली. १६६९ साली ते उघडपणे करण्याची परवानगी मिळाली. चार वर्षांनी मोलिएर वारला तेव्हा नट म्हणून त्याला ख्रिस्ती दफन नाकारण्यात आले. पत्नीने राजापाशी रदबदली केल्यावर त्याला रात्रीच्या अंधारात मूठमाती मिळाली. आचार्य अत्रे ह्यांचे ‘कवडीचुंबक’ ज्यांनी पाहिले असेल त्यांनी ह्याच मोलिएरच्या एका नाटकाचे मराठी रूप पाहून पोटभर हसून घेतले आहे. ढोंगी भक्तांवर प्रभू येशूने स्वतः कोरडे ओढले होते. तेच काम एका नटाने केले, तेव्हा मात्र आपल्या वडीलधाऱ्यांना ते सहन झाले नाही.

ह्याच ख्रिस्तसभेने पुढे दुसरा मार्गही दाखविला. नाझींच्या ताब्यात असलेल्या पोलंडमधील क्राकूव शहरात १९४१ साली काही तरुण लोकांच्या घरांत गुपचूप नाटके करीत. पकडले गेले असते तर जिवावरच बेतले असते. त्यांच्यात कारोल वोयतिला नावाचा एक तरुण होता. तो नट होता आणि नाटककारही होता. विवाहित जीवनावरचे त्याचे ‘सोनाराचे दुकान’ हे नाटक १९६० साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले, तेव्हा तो बिशप झालेला होता. १९७८ साली तोच पोप जॉन पॉल दुसरे झाला. १९९९ साली त्यांनी जगातील कलावंतांना उद्देशून एक पत्र लिहिले. त्याआधी १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, आपल्या काळाला अनुरूप अशा नव्या कलाप्रकारांनाही ख्रिस्तसभेने ओळख द्यावी, असे सांगून ठेवले होते. तेव्हा नव्या नाटकाविषयी आस्था बाळगणे ही काही धर्माबाहेरची चैन नव्हे.

आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाला तर नव्याचा स्वीकार करण्याची जुनी परंपरा आहे. १८६२ च्या सुमारास नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. पुढे रेव्हरंड टिळकांनी ते आणखी फुलविले. टाळ-मृदंगाच्या साथीने प्रभू येशूचे आख्यान लावणे ही गोष्ट त्या काळी केवढी नवी होती! आज कीर्तनाशिवाय आपली यात्रा पार पडत नाही. आपल्या पुष्कळ घरांतल्या आज्या-पणज्यांच्या कानांवर ढोलकी आणि हलगी लहानपणापासून पडलेली असे. संगमनेर हे तर तमाशाच्या फडांचे गाव. सोंग, गाणे आणि हजरजबाबी बोलणे आपल्या लोकांना परके नाही. परके वाटते ते एवढेच, की त्या बोलण्यातून आजचे दुःख बाहेर यावे.

नाटककार म्हणजे मुंबई-पुण्याकडचा कोणी मोठा माणूस, अशीही आपली एक समजूत असते. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज स्थापन केले. त्याच कॉलेजात मधुकर तोरडमल इंग्रजी शिकवीत असत. पुढे त्यांनी नोकरी सोडून रंगभूमीला वाहून घेतले. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ हे त्यांचे कॉलेजजीवनावरचे नाटक आणि त्यातले प्राध्यापक बारटक्के ठाऊक नाहीत असे मराठी घर विरळा. २०१७ साली ते गेले. ‘हँड्स अप’ ह्या मराठी नाटकातून पुढे येऊन १९८३ च्या ‘अर्धसत्य’ चित्रपटाने देशभर पोचलेले सदाशिव अमरापूरकरही नगरचेच. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेमुळे जिल्ह्या-जिल्ह्यांतील शिक्षक, कारकून, विद्यार्थी दिवसभराचे काम आटोपून रात्री तालमी करू लागले. समकालीन नाटककार हा असा आपल्या गल्लीत राहणारा, दुधाच्या रांगेत उभा असलेला माणूस असतो. अडचण होते तीही त्यामुळेच. नासरेथच्या लोकांना आपल्यातल्याच सुताराच्या मुलाचे बोल पेलले नाहीत. आपल्यालाही शेजारच्या मुलाने लिहिलेले नाटक पेलत नाही.

मग नवे नाटक पाहावे कसे? तीन नाटकांच्या आधाराने सांगण्याचा प्रयत्न करतो.

पहिले विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. हे राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने १९६७ साली रंगभूमीवर आले. एक हौशी नाटकमंडळी वेळ घालविण्यासाठी खोटा खटला खेळू लागते. आरोपी म्हणून बेणारे नावाची शिक्षिका उभी करतात. खेळता खेळता तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड सुरू होते, कारण ती लग्नावाचून गरोदर आहे. पुष्कळ सज्जन ख्रिस्ती माणसे अशा विषयापाशीच नाटक सोडून देतील. त्यांना आमची विनंती आहे, शेवटपर्यंत थांबा. ते प्रतिष्ठित न्यायासन बाईला कोणती शिक्षा फर्मावते? तिच्या पोटातले मूल नष्ट करण्याची. नीती नीती म्हणून ओरडणारी मंडळीच पोटातल्या निष्पाप जिवावर उठतात, हे तेंडुलकर दाखवितात. व्यभिचारात धरलेल्या बाईभोवती दगड घेऊन उभे राहिलेले लोक आणि खाली वाकून जमिनीवर लिहिणारा प्रभू, हा शुभवर्तमानातला प्रसंग ज्याने ऐकला आहे त्याला हे नाटक परके वाटण्याचे कारण नाही. पहिला धडा असा, की नाटकातल्या पात्राने पाप केले म्हणजे नाटक पापाचे होत नाही. नाटक कोणाच्या बाजूने उभे आहे, ते शेवटी कळते.

दुसरी प्रेमानंद गज्वी ह्यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका, १९७७ सालची. दलिताला पाणवठ्यावर मज्जाव, हा तिचा विषय. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात कालव्यांचे पाणी खेळते आणि पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याचा प्रश्न आपल्याला शिकवायला नको. शिवाय विहिरीवर अडविले गेल्याच्या आठवणी आपल्या कितीतरी कुटुंबांत आहेत. त्या आठवणी आपण सहसा मुलांना सांगत नाही. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईपाशी पाणी मागणाऱ्या प्रभूचा पाठ मात्र आपण दरवर्षी ऐकतो. दुसरा धडा असा, की आपण जे घरात बोलायचे टाळतो ते नाटककार चारचौघांत बोलत असेल, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी आपण गप्प का राहिलो हे स्वतःला विचारावे.

तिसरे आपल्या अगदी शेजारचे. १९८७ पासून आपला जिल्हा नाशिक धर्मप्रांतात आहे. त्या नाशिकच्या प्राजक्त देशमुख ह्यांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. नाटकात दोनच स्त्रिया आहेत. तुकोबांना भाकरी घेऊन डोंगरावर निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. ती गरोदर आहे. विठ्ठल तो काटा काढतो आणि जखम भरेपर्यंत आवलीची सेवा करायला रखुमाईला धाडतो. रखुमाई लखुबाई बनून तिच्या घरात राबू लागते. देव्हाऱ्यातली देवी आणि चुलीपुढची बाई एकमेकींशी बोलू लागतात. नवऱ्याच्या भक्तीची किंमत मोजणाऱ्या बायकोचे दुःख त्यातून उलगडत जाते. आपल्या धर्मातले हे नाटक नव्हे, म्हणून आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आम्हांला तर ते पाहताना आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मायबहिणी आठवल्या. पुरुष सभा, संस्था आणि प्रार्थनामेळाव्यांत गर्क असतो, आणि घर त्या एकट्या ओढतात. तिसरा धडा हाच. दुसऱ्याच्या अंगणातल्या नाटकातही आपल्या घरातला काटा सापडू शकतो.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही जिल्ह्यातील एका धर्मग्रामात सेवेला होतो. भोवताली सगळा उसाचा पट्टा. नोव्हेंबरच्या अखेरीस कॉलेजात शिकणारा एक तरुण दोनशे पानी वही घेऊन आमच्याकडे आला. त्याने नाताळासाठी नाटक लिहिले होते. योसेफ आणि मरिया हे ऊसतोडीला निघालेले जोडपे, म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. उचल घेतलेली असल्याने घरी थांबता येत नाही. मरियेचे दिवस भरत आलेले आहेत. गावात कोणी ओसरीसुद्धा देत नाही आणि शेवटी फडाजवळच्या कोपीत बाळ जन्माला येते. आधी येऊन पाया पडतात ते गाडीवान आणि मेंढरे राखणारे धनगर.

आम्ही ती वही रात्री बसून वाचली. सेमिनरीत नाट्यशास्त्राचा थोडाफार परिचय झाला होता. संवाद कच्चे होते, दुसरा अंक लांबला होता, तरीही ती एका पाहणाऱ्या डोळ्याने लिहिलेली वही आहे एवढे आम्हांला त्याच रात्री कळले होते. पण गावात कारखान्याशी संबंधित बडी मंडळी होती. नाताळच्या कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसत. मंडप आणि दिव्यांचा खर्चही त्यांच्याकडूनच येई. शिवाय आयांनी मुलींसाठी देवदूतांचे पांढरे झगे आधीच शिवून ठेवले होते. आम्ही त्या तरुणाला बोलावले, त्याची स्तुती केली, आणि म्हणालो, ‘यंदा नेहमीचेच करू. पुढे बघू.’ तो वाद घालीत बसला नाही. त्याने वही घेतली आणि गेला. त्या नाताळात देवदूत आले, तीन राजे आले, टाळ्या झाल्या. पुढे तो कामासाठी शहरात गेला. मागे एकदा भेटला तेव्हा आम्ही वहीची चौकशी केली. ‘रद्दीत गेली असेल, फादर,’ तो हसून म्हणाला. दक्षिणा प्राइज कमिटीने परत केलेली वही निदान एकशे चोवीस वर्षांनी सापडली. आम्ही परत केलेली सापडणार नाही.

हा लेख लिहिताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. जोतीरावांच्या नाटकातली शेतकऱ्याची बायको गरोदर आहे. तेंडुलकरांची बेणारेबाई गरोदर आहे. प्राजक्त देशमुखांची आवली गरोदर आहे. त्या मुलाच्या वहीतली मरियाही. नाटककारांनी एकमेकांना विचारून हे केलेले नाही. समाज दुबळ्याशी कसा वागतो हे पाहायचे असेल, तर पोटात जीव घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला तो काय उत्तर देतो ते पाहावे, हे त्या सर्वांना आपापल्या परीने कळले होते. आपली तारणाची कथाच मुळी उतारशाळेत जागा नाही ह्या उत्तराने सुरू होते. मग अशी बाई नाटकात आली की आपणच दार लावून घ्यावे, हे कितपत शोभते?

जुन्या जागा पुन्हा उघडताही येतात. गो. पु. देशपांडे ह्यांनी १९९२ साली जोतीरावांच्या जीवनावर ‘सत्यशोधक’ हे नाटक लिहिले. २०१२ साली दिग्दर्शक अतुल पेठे ह्यांनी ते पुण्याच्या महापालिकेतील सफाई कामगारांना घेऊन उभे केले. ज्यांच्यासाठी जोतीराव लिहीत होते त्यांचेच नातू-पणतू रंगमंचावर आले. आपल्या धर्मग्रामांतून असे काही घडणे अशक्य नाही. वर्षातून एकदा कुटुंबाने मिळून एक नवे नाटक पाहावे, आणि घरी परतताना गाडीतच निकाल न लावता दुसऱ्या दिवशी जेवताना त्यावर बोलावे. स्पर्धेच्या दिवसांत नगरला जाऊन अनोळखी पोरांच्या एकांकिकेला खुर्ची भरावी. रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक करणे किती कठीण असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आणि धर्मगुरूंनी, मास्तरांनी, धर्मग्राम समितीच्या सभासदांनी एवढे करावे, की नोव्हेंबरच्या अखेरीस कोणी मुलगा किंवा मुलगी वही घेऊन दारात आली, तर पहिल्या रांगेत कोण बसणार आहे ह्याचा विचार वही वाचून झाल्यावर करावा. संवाद कच्चे असतील तर बसून दुरुस्त करून द्यावेत. अंक लांबला असेल तर कापावा. पांढरे झगे शिवलेले असतील तर त्या नाटकात देवदूतांनाही जागा काढता येईल. उसाच्या फडावरही आकाश असतेच.